‘ऑनेस्ट’ म्हणजे प्रामाणिक नव्हे

दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर येतात आणि दरवर्षी त्यांतून एकच वाक्य, हस्ताक्षर तेवढे बदलून, शे-दीडशे वेळा वाचावे लागते. ‘ऑथेल्लो’ नाटकात इयागोला सारेजण ‘ऑनेस्ट’ म्हणतात. वास्तविक तो अप्रामाणिक असतो. म्हणून येथे नाट्यगत उपरोध आहे. वाक्य चुकीचे नाही. त्याला गुण द्यावे लागतात आणि मी ते निमूटपणे देत आलो आहे. पण जे वाक्य लिहून झाले की नाटक वाचण्याची गरजच उरत नाही, ते वाक्य बरोबर असले तरी उपद्रवी असते, असे माझे मत होत चालले आहे.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. हे वाक्य त्यांच्या हाती आम्हीच दिले आहे. शाळेत पाठ केलेली ‘ऑनेस्ट : प्रामाणिक’ ही शब्दजोडी एम. ए.च्या वर्गापर्यंत तशीच येते, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी तिच्यावर ‘आयरनी’ची झूल चढवून तिला विद्यापीठात मिरवतो. प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण, हा सुविचार आपण सर्वांनी फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलेला असतो. त्या इंग्रजी म्हणीतील ‘पॉलिसी’ या शब्दाला एलिझाबेथच्या काळात कपटी राजकारणाचा, मॅकियाव्हेलीच्या डावपेचांचा वास येत असे, हे कोणी सांगत नाही. सांगितले असते, तर ती म्हण इयागोनेही मान डोलावून मान्य केली असती, हे पोरांच्या लक्षात आले असते. असो.

‘ऑनेस्ट’ हा मुळात सत्याशी संबंध असलेला शब्दच नव्हे. लॅटिनमधील मान या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला आणि फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. ज्याला चारचौघांत मान आहे तो ‘ऑनेस्ट’. म्हणजे ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्टी’ या सख्ख्या बहिणी. पुढे या बहिणींची ताटातूट झाली. थोरली उमरावांच्या वाड्यात राहिली आणि धाकटी हळूहळू नोकरांच्या पडवीत येऊन पडली. फ्रेंचमध्ये असे झाले नाही. सतराव्या शतकात तिकडे याच मुळाचा शब्द दरबारी संस्कार असलेल्या, बहुश्रुत, सभ्य पुरुषाचे वर्णन करतो. त्याच सुमारास इंग्रजीत मात्र ‘ऑनेस्ट फेलो’ म्हणजे आपल्या हाताखालचा विश्वासू गडी. एकच बी दोन जमिनींत पडले आणि वेगवेगळे उगवले.

स्त्रीच्या बाबतीत हा शब्द आणखी वेगळ्या वाटेने गेला. पुरुषाचा मान त्याच्या शब्दात आणि तलवारीत असतो, बाईचा मान तिच्या शरीरात असतो, अशी ज्या समाजाची समजूत, त्या समाजात ‘ऑनेस्ट’ बाई म्हणजे शीलवती बाई, एवढाच अर्थ उरतो. हॅम्लेट ऑफिलियाला तू ‘ऑनेस्ट’ आहेस का, असे विचारतो आणि लगेच तू सुंदर आहेस का, असेही विचारतो. तेथे तो ती खरे बोलते का, याची चौकशी करीत नसतो. (निदान वरवर तरी. तिचा बाप लपून हे संभाषण ऐकत आहे याचा हॅम्लेटला सुगावा लागला आहे असे मानले, तर दुसरा अर्थही डोके वर काढतो.) लग्न करून एखाद्या बाईला ‘ऑनेस्ट’ करणे हा वाक्प्रचार इंग्रजीत अद्याप शिल्लक आहे, आता थोडा थट्टेने. ‘ऑनेस्ट’ चूक, ‘ऑनेस्ट’ मजुरी, ‘ऑनेस्ट’ चेहरा या सर्वांत खरे बोलण्याचा संबंध कितपत आहे, ते वाचकांनीच पाहावे. ‘ऑनेस्टी’ नावाचे एक फुलझाडही आहे. त्याच्या वाळलेल्या शेंगांच्या पडद्यातून पलीकडचे बी दिसते, एवढीच काय ती पारदर्शकता.

आता नाटकाकडे वळू. विल्यम एम्प्सन या समीक्षकाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ या ग्रंथात ‘ऑथेल्लो’मधील ‘ऑनेस्ट’वर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ ही रूपे नाटकात बावन्न वेळा येतात, असे त्याने मोजले. आमच्याकडे या प्रकरणाचा उल्लेख संदर्भसूचीत असतो. ते वाचल्याची खूण मात्र शिकवण्यात दिसत नाही. बावन्न वेळा एकच विनोद करण्याइतका शेक्सपिअर दरिद्री नव्हता, एवढे तरी आपल्या लक्षात यायला हवे होते.

पहिला प्रयोग पाहा. तो ऑथेल्लोच्या तोंडी नाही, इयागोच्याच तोंडी आहे. पहिल्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात, रॉडेरिगोशी बोलताना. काही नोकर आयुष्यभर धन्याच्या गाढवासारखे राबतात, त्यांना वैरणीखेरीज काही मिळत नाही आणि म्हातारे झाले की हाकलून दिले जाते. अशा ‘ऑनेस्ट’ सेवकांना चाबकाने फोडले पाहिजे, असे तो म्हणतो. नाटकात हा शब्द प्रथम येतो तोच तिरस्काराने, आणि तो नोकरांविषयी येतो. इयागोला हा शब्द काय आहे ते पक्के ठाऊक आहे. गुलामाच्या गळ्यात घालायचा तो पट्टा आहे.

याच प्रवेशात त्याची तक्रारही कळते. दुय्यम सेनापतीचे पद त्याला हवे होते. ते कॅसिओला मिळाले. कॅसिओने रणांगण पुस्तकातच पाहिले आहे, असे इयागोचे म्हणणे. इयागोच्या वाट्याला ध्वजधारकाची जागा आली. आणि त्यानंतर नाटकभर त्याच्या वाट्याला आणखी काय येते? एक विशेषण. ऑथेल्लो त्याला ‘ऑनेस्ट’ म्हणतो, डेस्डेमोना म्हणते, कॅसिओही म्हणतो. ज्याने आपली जागा घेतली त्याच माणसाने दुसऱ्या अंकात, दारूच्या नशेत नोकरी गमावल्यानंतर, आपल्या सल्ल्याबद्दल आभार मानताना आपल्याला ‘ऑनेस्ट’ म्हणावे, यातली खोच ‘नाट्यगत उपरोध’ या दोन शब्दांत कशी मावणार? वरिष्ठाला कोणी ‘ऑनेस्ट’ म्हणत नाही. त्याला म्हणायला ‘नोबल’ आहे, ‘व्हॅलियंट’ आहे. ‘ऑनेस्ट’ हे पाठीवर थाप मारताना म्हणायचे असते आणि थाप वरून खालीच पडते. इयागोला उद्देशून हा शब्द उच्चारला जातो तेव्हा तो एकाच वेळी प्रशस्तिपत्र असतो आणि बढती नाकारल्याची नोटीसही.

कोलरिजने इयागोच्या दुष्टपणाला हेतूच नाही, असे म्हटले आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या इयागोचा हेतू शोधण्याचे काम परीक्षार्थींच्या माथी आले. मला वाटते, हेतू त्याच्या नावाआधी छापलेला आहे. तो त्याच्या साऱ्या दुष्कृत्यांचा उलगडा करतो असे मी म्हणत नाही. दुष्टाव्याचा हिशेब असा पै-पैला जुळत नसतो. पण ज्याला पुन्हा पुन्हा या शब्दाने गोंजारले जाते, त्याला तो ऐकून काय वाटत असेल, हा प्रश्न वर्गात एकदाही विचारला जाऊ नये, हे खटकते. (एम्प्सनला याच्याही पुढे जायचे आहे. मनमोकळा, खाण्यापिण्यातला, स्वतःच्या वासना न लपवणारा माणूस, असा एक उमलता अर्थ त्याला इयागोच्या ‘ऑनेस्ट’मध्ये दिसतो. त्या अर्थाला रेस्टोरेशन काळात बहर आला, हे खरे. पण १६०४ साली रंगभूमीवर असलेल्या नाटकात तो किती ऐकू येत असेल, याबद्दल मी साशंक आहे.)

तिसऱ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात या शब्दाचा खरा कारखाना चालू होतो. कॅसिओ ‘ऑनेस्ट’ नाही का, असे ऑथेल्लो विचारतो. इयागो तोच शब्द प्रश्न करून परत करतो, एवढेच. काही सांगत नाही, आरोप करीत नाही. केवळ शब्द फिरवून धन्याच्या हातात ठेवतो आणि त्याची दुसरी बाजू धन्याला प्रथमच दिसते. येथून पुढे शब्द पुरुषांकडून स्त्रीकडे सरकतो. कॅसिओचे ‘ऑनेस्ट’ असणे म्हणजे मित्र म्हणून विश्वासू असणे. पण तो विश्वासू नसेल तर डेस्डेमोना ‘ऑनेस्ट’ नाही, म्हणजे शीलवती नाही. दोन निरनिराळे अर्थ, पण शब्द एकच असल्यामुळे ऑथेल्लोचे मन एका अर्थावरून दुसऱ्यावर घसरते आणि घसरल्याचे त्याला कळतही नाही. शेक्सपिअरने ऑथेल्लोला मूर्ख केलेला नाही, त्याला इंग्रजी बोलायला लावले आहे. चौथ्या अंकात तो बायकोला आपण ‘ऑनेस्ट’ असल्याची शपथ घ्यायला सांगतो, तेव्हा ती कोणत्या अर्थाने शपथ घेते आणि तो कोणत्या अर्थाने ऐकतो? पाचव्या अंकात बियांका, जिला सारे जग वेश्या म्हणते, ती आपणही तुझ्याइतक्याच ‘ऑनेस्ट’ आहोत, असे एमिलियाला सुनावते. त्या क्षणी शब्दाचा सारा सामाजिक दंभ उघडा पडतो. आणि अखेरीस, हातची तलवार काढून घेतली गेल्यावर, ‘ऑनेस्टी’ गेल्यानंतर ‘ऑनर’ने तरी मागे का उरावे, असा प्रश्न ऑथेल्लो स्वतःला करतो. ताटातूट झालेल्या दोघी बहिणी येथे प्रेतांच्या सोबतीने पुन्हा एका ओळीत येतात.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात हे सारे माझ्या परीने सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, एरवी तोंड न उघडणारा, उभा राहून म्हणाला, “सर, आमच्याकडं सालगड्याला प्रामाणिक म्हणतात. मालकाला कुणी म्हणत नाही.” वर्ग हसला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, असे लिहिले तर ते थोडे सजवून लिहिल्यासारखे होईल. पण माझे तोवरचे व्याख्यान अपुरे होते, हे मला तेथेच कळले. मी इतका वेळ ‘प्रामाणिक’ हा शब्द सपाट, एकअर्थी, ‘ऑनेस्ट’च्या मानाने भाबडा, असे गृहीत धरून बोलत होतो. त्या मुलाने दाखवून दिले की सपाट तो शब्द नसून माझा शब्दकोश आहे. वर्तमानपत्र उघडून पाहा. ‘रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा’ या मथळ्याची बातमी आपण सर्वांनी वाचलेली असते. विसरलेली पिशवी परत केली, दागिने जसेच्या तसे, पोलीस ठाण्यात सत्कार. ‘बँक व्यवस्थापकाचा प्रामाणिकपणा’ असा मथळा कोणी वाचला आहे काय? आमची कामवाली अगदी प्रामाणिक आहे हो, असे आपण शेजारणीला सांगतो; आमचे कुलगुरू अगदी प्रामाणिक आहेत, असे म्हटले तर ऐकणारा चपापतो, आणि चपापण्याचे कारण भ्रष्टाचार हे एकच नसते. ज्याने चोरी केली असती तर आपल्याला नवल वाटले नसते, त्याच्याच प्रामाणिकपणाची आपण बातमी करतो.

म्हणजे या लेखाचे शीर्षक अर्धेच खरे आहे. ‘ऑनेस्ट’ म्हणजे कोशातला प्रामाणिक नव्हे; गावातला प्रामाणिक मात्र त्याच्या बराच जवळ जातो. फरक शब्दाच्या कुळात आहे. इंग्रजी शब्दाच्या पोटात मान आहे. आपल्या शब्दाच्या पोटात ‘प्रमाण’ आहे, नैयायिकांचे प्रमाण, ज्ञानाचे साधन. आणि गंमत अशी की, ऑथेल्लो बायकोविषयी नेमके हेच मागतो. त्याला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा हवा आहे, प्रत्यक्ष प्रमाण हवे आहे. त्याला मिळतो तो एक हातरुमाल. नैयायिकाने त्याला हेत्वाभास म्हणून बाजूला सारले असते. मराठीत हे नाटक शिकवताना ‘प्रामाणिक’ या शब्दातील प्रमाण खणून काढले, तर इंग्रजी वाचकाला न दिसणारी एक वाट आपल्या विद्यार्थ्याला दिसू शकते. आपण ती दाखवीत नाही, कारण शब्दाची फोड करणे हे संस्कृतच्या विभागाचे काम आणि ‘आयरनी’ हे आमचे, अशी आपण कामे वाटून घेतली आहेत.

येथे एक दुसरा पक्ष हसत असेल, त्याचीही दखल घेतो. शब्दाला स्थिर अर्थ नसतोच, अर्थ सतत निसटता असतो, असे म्हणून हा पक्ष ‘ऑनेस्ट’चा प्रश्न एका फटक्यात सोडवतो. ही मंडळी गाइडच्या विरोधात उभी आहेत असे दिसते. परंतु परिणाम तोच. गाइडवाला एक अर्थ सांगून शब्दाकडे पाहणे थांबवतो, हा अनंत अर्थ सांगून थांबवतो. ‘ऑनेस्ट’चे अर्थ अनंत नाहीत. पाच-सहा आहेत, ते मोजता येतात, प्रत्येकाला जन्मकाळ आहे, आणि कोणाला उद्देशून कोण बोलत आहे यावर त्यांतला कोणता पुढे येतो ते ठरते. इंग्रजांनी आपल्या भाषेचा ऐतिहासिक कोश १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने छापून काढला, तो प्रत्येक शब्दाच्या अशाच जन्मनोंदी ठेवण्यासाठी. निसटतेपणाचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी तो जाड खंड एकदा तरी मांडीवर घ्यावा.

मग भाषांतरकाराने काय करावे? महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, देवलांनी १८९० मध्ये त्यावरून ‘झुंझारराव’ लिहिले, पुढे शिरवाडकरांनीही हे नाटक हाताळले. म्हणजे प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षे जुना आहे. प्रत्येक ठिकाणी प्रसंगानुरूप वेगळा शब्द योजावा, शीलवती, सज्जन, सचोटीचा, निष्कपट, असे रूढ मत आहे. मला ते घातक वाटते. त्याने प्रत्येक वाक्य सुबोध होते आणि नाटक मोडते. ज्या शब्दावरून ऑथेल्लोचे मन घसरायचे तोच पायाखाली राहत नाही. एकच शब्द शेवटपर्यंत टिकवला पाहिजे, मग दोन-चार ठिकाणी वाक्य अवघडले तरी चालेल.

माझा उमेदवार ‘इमानी’ हा आहे. इमानी नोकर, इमानी कुत्रा. थाप वरून खाली पडते ती येथे आपोआप पडते. मित्राशी इमान असते, नवराबायकोतही असते. ‘बेइमान’ हा शब्द पुरुषालाही लागतो आणि बाईलाही, आणि बाईला लागला की त्याचा अर्थ बदलतो, हेही इंग्रजीप्रमाणेच. ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्टी’ या बहिणींसाठी ‘इभ्रत’ आणि ‘इमान’ ही जोडी आपल्याकडे तयार आहे, आद्याक्षरासकट. एक उणीव कबूल करतो. इमान कोणाशी तरी असावे लागते. एकटा माणूस बंद खोलीत ‘ऑनेस्ट’ असू शकतो, इमानी असू शकत नाही. पण या नाटकात एकटा कोण आहे? सारेच कोणाच्या तरी चाकरीत आहेत. खुद्द ऑथेल्लोही व्हेनिसचा पगारी सेनापतीच. शब्द अरबीतून आलेला, म्हणून शोकात्मिकेच्या भारदस्तपणाला तो शोभणार नाही, असा आक्षेप एका चर्चासत्रात मला ऐकावा लागला. बखरींचे गद्य ज्या शब्दांवर उभे आहे ते शोकात्मिकेला पेलणार नाहीत, हे म्हणणाऱ्याने बखरी वाचलेल्या नसाव्यात. आणि ‘ऑनेस्ट’ तरी इंग्रजांच्या घरचा कोठे आहे?

हे सारे इंग्रजीच्या प्राध्यापकाचे घरगुती भांडण आहे, असे मराठीचे अध्यापक म्हणतील. त्यांनी आपल्याच परीक्षणांत ‘प्रामाणिक’ हा शब्द कोणासाठी राखून ठेवला आहे, ते एकदा तपासावे. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, ‘उपरा’ १९८० मध्ये, ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये. दलित आत्मकथनांविषयीच्या लेखनात ‘प्रामाणिक कथन’, ‘प्रामाणिक अनुभव’ ही विशेषणे किती वेळा येतात ते कोणी एम्प्सनसारखे मोजायला हवे. शहरी, सुस्थित लेखकाच्या कादंबरीला आपण रचना देतो, प्रतिमासृष्टी देतो, निवेदनतंत्र देतो. दलित लेखकाला प्रामाणिकपणा देतो. ‘बलुतं’मध्ये दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे लेखकाने स्वतःचे दोन भाग करून त्यांना समोरासमोर बसवले आहे. गावातले नाव एकीकडे, छापील नाव दुसरीकडे. हा निवेदनाचा मोठा निर्णय आहे. तो घेणारा माणूस केवळ खरे बोलत नव्हता. खरे कोणी, कोणाला, कोणत्या नावाने सांगायचे याचा विचार करीत होता. त्यावर ‘प्रामाणिक’ एवढाच शेरा मारणे म्हणजे दागिन्यांची पिशवी परत केल्याबद्दल पोलीस ठाण्यात नारळ देण्यासारखे आहे. दया पवारांची इयागोशी तुलना मी करीत नाही, हे वेगळे सांगावे लागू नये. तुलना आहे ती ‘ऑनेस्ट’ म्हणणाऱ्यांची.

येत्या परीक्षेसाठी मी एक प्रश्न सुचवला होता. नाटकात कोणकोणते पात्र कोणाला ‘ऑनेस्ट’ म्हणत नाही, आणि का? अभ्यास मंडळाच्या बैठकीत तो परत आला. याचे आदर्श उत्तर कसे तयार करायचे, असे मला विचारण्यात आले. मी म्हटले, नाटक वाचून. प्रश्नपत्रिकेत आता ‘ऑनेस्ट इयागो : नाट्यगत उपरोध’ यावर टीप लिहायची आहे, पाच गुणांसाठी.